नाव घातलेलं ताट

चूक माझी होती. बायकोची नाही, शेजाऱ्यांची नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं मला पळवाट राहणार नाही.

बारामतीत भांड्याच्या दुकानात मी उभा होतो. समोर स्टीलचं एक ताट, एक वाटी, एक पेला. दुकानदारानं नाव घालायचं मशीन हातात घेतलं.

"काय घालू?"

"गिरजा."

"नुसतं गिरजा? आडनाव, कुणाकडून, काहीच नको?"

"नको. ओळखू आलं म्हणजे झालं."

मशीन घुर्र करत फिरलं. तिन्ही भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटली. भांडी पिशवीत घालून मी घरी आलो.

गिरजा म्हणजे माझी थोरली बहीण. अक्का. आई लहानपणीच गेली, तेव्हा मला कडेवर घेऊन ही दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. मी इंदापूरला वसतिगृहात शिकत होतो तेव्हा भाकरी घेऊन यायची. अर्धी मला, अर्धी तिला. आणि माझी अर्धी नेहमी मोठी निघायची.

तिच्या छातीत गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं, एक बाजू काढून टाकली. मग दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध. सहा वेळा घ्यायचं होतं. पळसदेवहून तिला जाणं-येणं झेपणार नव्हतं, म्हणून मी तिला बारामतीला माझ्या घरी ठेवून घेतलं. लोकांनी कौतुक केलं. भाऊ असावा तर असा, म्हणाले.

कॅन्सर हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं. 'तो आजार' म्हणायचो. तो आजार उष्ट्यातून लागतो, असं कचेरीत कुणीतरी बोललं होतं. मी पदवी घेतलेला माणूस. सरकारी कचेरीत कारकून. अक्काबरोबर डॉक्टरांसमोर चार वेळा बसलो. पण एकदाही विचारलं नाही. विचारायची लाज वाटली. तिचं ताट वेगळं करायची वाटली नाही.

पहिल्या दिवशी त्या ताटात जेवताना अक्काचं बोट काठावर अडलं.

"करुणे, ह्ये काय खरवडलंय?"

करुणा माझी मुलगी. तेव्हा नऊ वर्षांची. "आत्या, तुझं नाव आहे."

"माझं?"

अक्काला वाचता येत नव्हतं. तिनं एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडं बघून हसली. "सासरच्या भांड्यावर सासऱ्याचं नाव. मग ह्यांचं. आता माझ्या पोराचं, नाम्याचं. बाईचं नाव भांड्यावर पयल्यांदाच बघती मी."

मीही हसलो.

तिची भांडी मोरीजवळच्या कट्ट्यावर असत. आमची आत फळीवर. ती आपली भांडी आपणच घासायची, त्यामुळं तिला काही खटकलं नाही. तीन सलाईन झाली. डोक्यावरचे केस गेले. तोंड आतून सोलून निघालं. तरी ती ताट पुसून, नाव वर येईल असं ठेवायची.

एका दुपारी करुणा खेळून आली आणि तहानेच्या भरात कट्ट्यावरचा पेला उचलून पाणी प्यायला लागली. मी धावलो. तिच्या हातावर फटका मारला. पेला उडाला.

"ते वेगळं ठेवलंय, कळत नाही? आत्याचं आहे ते!"

पेला घरंगळत दारापर्यंत गेला. दारात अक्का उभी होती. तिनं तो उचलला. नाव बघितलं.

"म्हंजी वळखू यावं म्हणून नाव घातलं व्हय."

एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताट, वाटी, पेला घासून कट्ट्यावर पालथे घातलेले होते. अक्का गाठोडं घेऊन निघाली. चहासुद्धा घेतला नाही. मी स्टँडपर्यंत मागं गेलो.

"अक्का, पुढची सलाईन?"

"बघू."

चौथ्या सलाईनला ती गेली नाही. पुढच्या दोन्हींनाही नाही. भाचा नामदेव कचेरीत येऊन सांगून गेला, "मामा, ती म्हणती, बास झालं." मी पळसदेवला जायला हवं होतं. गेलो नाही. हट्टी आहे, असं मनाशी म्हणालो. पुढं एकदा भावकीतल्या लग्नाला ती बारामतीला आली. घरी आली. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "तहान न्हाय," म्हणाली. मे महिना होता.

दोन वर्षांनी माझ्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला. कचेरीत बसून वर्षानुवर्षं तंबाखू मळली होती, तिथंच. त्याच दवाखान्यात माझं ऑपरेशन झालं. गाल आणि अर्धा जबडा गेला. जीभ जड झाली. तोंडातून लाळ गळायला लागली. त्यानंतर रोज लाईट, म्हणजे मशीनखाली झोपवून देतात तो शेक.

लाईटच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता. बाकावर कुणी कुणाला जात विचारत नव्हतं, असं मी लिहिणार नाही. विचारत होते. पण आधी विचारायचे, "कितवी लाईट?"

कळंबचे एक तात्या होते. बागायतदार. घशाचं ऑपरेशन झालेलं. गळ्यातल्या नळीवर बोट ठेवून बोलायचे. त्यांनी विचारलं, "कितवी?" सांगितलं. मग, "गाव कंचं?" मग, "कुणातलं?"

"बौद्ध," मी म्हणालो.

त्यांनी नळीवरचं बोट काढलं. मग पुन्हा नळीवर बोट ठेवलं. "गुळण्या खायच्या सोड्याच्या पाण्यानं करा. नुसत्या मिठाच्या नगं. लई आग हुती."

त्या बाकावर असंच चालायचं. कुणी सांगायचं, अंगावर शाईनं मारलेल्या खुणा धुऊ नका. कुणी सांगायचं, भात दुधात कुस्करून गार करून गिळा. कोण किती दिवसांत चवीला मुकलं, कुणाला रात्री उलटी झाली, कोण कालपासून दिसत नाही. न दिसणाऱ्याबद्दल कुणी जास्त बोलायचं नाही. त्याची जागा पुढं सरकून भरून काढायचे.

तात्यांची बायको डब्यात खीर आणायची. एकाच चमच्यानं एक घास त्यांना, एक स्वतःला. मी चार दिवस बघत होतो. पाचव्या दिवशी विचारलं, "काकी, तुम्हाला भीती नाही वाटत? लागण व्हायची?"

तात्या इतके हसले की नळीतून शिट्टी वाजली. "अवो, लागत आसतं तर हिला कवाच लागलं आसतं. तीस वर्सं माझं उष्टं खाती!"

काकी म्हणाल्या, "आन तरी वाळली न्हाय, आसं म्हना की."

त्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं. ते कागदावर लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "नाही. हा संसर्गाचा रोग नाही. एकत्र जेवा."

सात शब्द. ते मी दोन वर्षांपूर्वी विचारून घेतले असते तर अक्काची सहाही सलाईन झाली असती.

त्याच आठवड्यात इंदापूरच्या सुलाबाई तपासणीला आल्या. छातीचंच दुखणं, पण बऱ्या होत्या. मी पळसदेवचा म्हटल्यावर त्या माझ्याकडं वळल्या. "पळसदेवची गिरजाबाई ठावं हाय का? माझ्यासंगं सलाईनला आसायची. सारखी सांगायची, माझ्या भावानं माझ्या नावाचं ताट केलंय. आमी तिला चिडवायचो, बाई, आमच्या भावांनी तर वाटी बी न्हाय केली. मधीच यायची बंद झाली. जगली का वो?"

मी रुमाल तोंडाला लावला. "ठाऊक नाही," म्हणालो.

बहीण माझी. जिवंत होती. आणि मी ठाऊक नाही म्हणालो. हीसुद्धा लिहून ठेवायची गोष्ट आहे.

लाईट संपली. मी कामावर परत आलो. अकराच्या चहाला शिपाई शंकररावांनी सगळ्यांच्या टेबलावर कपबशा ठेवल्या. मला काचेचा पेला दिला. बुडाला तांबड्या रंगाचा ठिपका. पिऊन झाल्यावर म्हणाले, "तुमीच इसळा, आन खिडकीच्या भायेर ठेवा. मला सांगितलंय तसं सांगतोय."

खिडकीबाहेर कट्टा होता. मी पेला हातात घेऊन तिथं उभा राहिलो. आणि बा दिसला.

पळसदेवचं जुनं गाव आता उजनीच्या पाण्याखाली आहे. त्या गावात चहाच्या हॉटेलाबाहेर भिंतीला एक कोनाडा होता. त्यात कान तुटलेले कप. ते आमच्यासाठी. बा कप घ्यायचा, वरून चहा ओतून घ्यायचा, उकिडवा बसून प्यायचा, विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. मी सात वर्षांचा होतो. विचारलं, "बा, आतले कप चांगले हायत की." हॉटेलवाला गल्ल्यावरून म्हणाला, "पोराला शिकव जरा." सगळं हॉटेल हसलं. बासुद्धा हसला. त्याचं ते हसणं मला आजही सहन होत नाही. पुढच्या वर्षी आम्ही धर्म बदलला. बा त्या हॉटेलावर परत गेला नाही. चहाच सोडला.

आणि त्याच्या मुलानं त्याच्याच पोरीसाठी मोरीजवळ कोनाडा केला होता.

मी पेला घेऊन हेडक्लार्ककडं गेलो. त्यांच्या फायलीवर ठेवला. ते दचकले.

"राग मानू नका," ते म्हणाले. "आजारामुळं केलंय. बाकी काही मनात नाही."

बाकी काही. मी कुठल्या आजाराचं, कुठल्या जातीचं, काही बोललोच नव्हतो.

"यात मी पिणार नाही," मी म्हणालो. माझे शब्द लाळेत अडकत होते, म्हणून सावकाश म्हणालो. "सगळ्यांना कपबशी, तर मला कपबशी. नाहीतर चहा नको. माझ्या बापानं सोडला, मीही सोडेन. पण खिडकीबाहेर हा पेला राहणार नाही."

ते खुर्चीत मागं रेलले. "उगाच तमाशा. घरात तुम्ही तरी काय केलं असतं, सांगा बघू."

"घरात मी हेच केलं," मी म्हणालो. "म्हणून तर ओळखलं."

पेला मी तिथंच कचऱ्याच्या डब्यात टाकला. फुटला. मग अर्ज न देता निघालो. बारामती ते भिगवण एक एस. टी., तिथून पळसदेवला दुसरी. धरणाचं पाणी हटलं होतं आणि जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं. शेजारच्या बाईनं पोराला दाखवलं. मी बघितलं नाही.

अक्का बाजेवर होती. दुखणं पाठीच्या हाडात उतरलं होतं. डावा हात सुजून मांडीएवढा झालेला. मी जमिनीवर बसलो.

"अक्का, माझं चुकलं."

"काय म्हनतोय ह्यो?" तिनं नामदेवला विचारलं.

माझे शब्द माणसांना कळत नव्हते. मी पुन्हा म्हणालो. पुन्हा. तिसऱ्यांदा रडतच म्हणालो.

"कळलं," ती म्हणाली. "पयल्यांदाच कळलं हुतं. परत ऐकावं वाटलं."

मी मान खाली घातली. तिनं छपराकडं बघितलं. मग म्हणाली, "बाच्या कपावर तरी नाव नव्हतं."

मी बाजेचा काठ धरला.

"आन हितं कोपऱ्यात काय सांगतोस? पोरीपुढं वराडला हुतास. पोरीपुढं सांग. ती तेच शिकून बसलीया."

"सांगतो. मग माझ्या हातचं पाणी घेशील?"

"पान्यासाठी सांगनार आसशील तर नगं सांगू."

रविवारी मी बायकोला आणि करुणाला घेऊन गेलो. अक्काचं बोलणं थांबलं होतं. डोळे उघडे होते. करुणानं आमच्या घरून आणलेलं पाणी चमच्यानं तिच्या ओठांना लावलं. अक्कानं ओठ मिटून घेतले. दोन दिवसांनी ती गेली. तिनं माझ्या घरचं पाणी घेतलं नाही, ते नाहीच. हे आत्ताच सांगतो. माझ्या मानेत नवी गाठ आली आहे, हेही सांगतो. कारण शेवटी मला त्या रविवारी मी जे बोललो तेवढंच लिहायचं आहे. दारात शेजारी जमले होते. करुणा माझ्याकडं बघत होती. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना कळेल असं एकेक शब्द सुटा करून म्हणालो,

"अक्का, ते ताट तुझा मान नव्हता. ती शिवाशिव होती. बाला ज्यांनी कोनाडा दाखवला त्यांच्यासारखाच मी वागलो, आणि त्यावर तुझं नाव घातलं. करुणा, तुला त्या दिवशी मी मारलं ते चुकीचं होतं. हा आजार लागत नाही. लागली ती माझी भीती, आणि तिनं आत्याचं औषध तोडलं. ते ताट मी मोडीत घालणार नाही. जगेन तोवर त्यातच जेवेन. हे नाव कुणाचं, असं जो विचारेल त्याला सगळं सांगेन. दवाखान्याच्या बाकावर सांगेन, सुलाबाईंना सांगेन, कचेरीत सांगेन. मला माफ करू नकोस, अक्का. माझं चुकलं."