घडी घातलेल्या लुगड्याएवढी वाट

भुईगावात आमच्या शेजारच्या मावशी सगळं लुगड्यांत मोजतात. विहीर एक लुगडं खोल, चर्च चाळीस लुगड्यांवर.

रिसॉर्टवाल्याने समुद्राकडे जाणाऱ्या गावाच्या वाटेत निर्लज्जपणे कुंपण घुसवलं. वाट नऊ हात रुंद, आम्ही बजावलं. त्याचा मुकादम हसला, "हात कोणाचा? बाळाचा की राक्षसाचा?"

मावशी लुगडं घेऊनच आल्या. "हे नऊ वार, म्हणजे अठरा हात. दुमडलं की नऊ. धर टोक, लाजतोस काय!"

दुसरं टोक धरून त्या वाटेच्या कडेच्या आपल्या घराच्या भिंतीला टेकल्या. मुकादम मागे सरकत कुंपणाला भिडला, तरी लुगडं सैलच! गाव जल्लोषात ओरडलं.

खांब मागे जाईपर्यंत मावशींनी टोक सोडलं नाही. मग म्हणाल्या, "आण इकडे. रविवारी मिस्साला नेसायचंय."