थप्पीतलं सोयाबीन आणि माझी सही

“वाचायचं काय त्याच्यात, मॅडम? सही करा, चहा घ्या.”

चेअरमनसाहेबांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. पेनाचं टोपणसुद्धा त्यांनीच काढून ठेवलं होतं. शेजारी आमचे सीईओ पाटणकर खिडकीबाहेर बघत बसले होते. बाहेर नवीन जालन्याच्या स्टेशन रोडवर रिक्षांशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं. पण अवघड वेळ आली की पाटणकरसाहेबांना बाहेर बघायची सवय आहे.

“गोदाम बघून येते, मग सही करायची का ते सांगते,” मी म्हणाले.

“गोदाम आपल्या ऑफिसरनं बघितलं. रिपोर्ट लावला हाय.”

“तो वाचला, साहेब. म्हणूनच बघायचंय.”

त्यांनी टोपण परत पेनाला लावलं. जरा जोरातच.

मी हिवाळे. जालन्यातल्या एका नागरी सहकारी बँकेत रिस्क विभागाची प्रमुख. बँकेचे पैसे कुठे बुडू शकतात हे बुडायच्या आधी सांगायचं, एवढंच माझं काम. लोकांना ते अपशकुनी वाटतं. बँकांवर देखरेख करणाऱ्या रेग्युलेटरने मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. रिस्कचा प्रमुख वेगळा असावा. त्याला कर्जवाटपाचं टार्गेट देऊ नये. त्याने थेट बोर्डाला रिपोर्ट करावं. मुदतीआधी त्याला हलवायचं असेल तर बोर्डाने कारण लिहून हलवावं. आमच्याकडे वरून मार्गदर्शन आलं की आधी पाटी बनते. तशी ती बनली, पितळेची, छान. मग पाटीमागे बसवायला माणूस शोधला. ‘हिवाळे मॅडम बऱ्या, फार बोलत नाहीत,’ असं कुणीतरी म्हणालं म्हणे. ते कोण, याचा मी अजून तपास करते आहे.

फाइल होती एका बियाणे कंपनीची. मालक चेअरमनसाहेबांचे जुने मित्र. कंपनीला कॅश क्रेडिट वाढवून हवं होतं. कॅश क्रेडिट म्हणजे गोदामातल्या मालाच्या तारणावर लागेल तसे पैसे उचलायचे आणि माल विकला की भरायचे. किती उचलता येतात ते मालाच्या किमतीवर ठरतं. त्याला आम्ही ड्रॉइंग पॉवर म्हणतो. मालाची किंमत फुगवली की ड्रॉइंग पॉवर आपोआप फुगते. इथे माल होता सोयाबीनचं बियाणं, आणि किंमत धरली होती पिशवीवर छापलेली. माझ्या सहीचा अर्थ होता, ‘जोखीम कमी, हरकत नाही.’

आमच्याकडे गोदाम तपासायची एक रीत आहे. शेठची गाडी बँकेच्या दारात येते. ऑफिसर आधी शेठच्या एसी केबिनमध्ये बसतो, कचोरी खातो. मग शटर अर्धं वर जातं आणि ऑफिसर दारात उभा राहून थप्प्या मोजतो. थप्पी म्हणजे एकावर एक रचलेल्या गोण्यांची रास. आत कुणी जात नाही, कारण बियाण्याला चोळलेल्या औषधाने डोळे चुरचुरतात. दारातून मोजलेल्या थप्प्या बरोबर असतात, त्यात लबाडी नसते. फक्त गोणीत काय आहे ते कुणी बघत नाही.

मी माझ्या स्कूटीवर गेले. कचोरीला नको म्हणाले, तेव्हाच शेठचा चेहरा उतरला. तोंडाला ओढणी बांधून आत शिरले. पुढच्या दोन थप्प्या या वर्षीच्या होत्या. मागच्या सगळ्या गेल्या हंगामात न विकल्या गेलेल्या. पिशव्यांवरच्या टॅगवर तसं चक्क छापलेलं होतं, कुणी लपवलेलंही नव्हतं.

“दाणा बघा मॅडम, कसा चमकू राह्यला,” शेठ दारातूनच म्हणाले.

“चमक रंगाची आहे, शेठ. उगवतो का?”

“आता ते काय बँकेनं बघायचं आस्तं का?” ते हसले. “बँकेनं माल बघायचा. माल बराबर हाय.”

इथे सोयाबीनबद्दल दोन शब्द सांगते. त्याचं टरफल फार नाजूक. गोणी आपटली तरी आतला कोंब मरतो, आणि पत्र्याच्या गोदामात एक उन्हाळा काढला की उगवण झपाट्याने खाली येते. उगवण गेलेलं बियाणं म्हणजे साधं धान्य. त्यातही याला औषध चोळलेलं, म्हणजे तेलाच्या गिरणीलाही ते चालत नाही. पिशवीवर कितीही छापा, त्याची किंमत शून्य.

गंमत अशी, की हे आमच्या बँकेत सगळ्यांना माहीत आहे. संचालक मंडळातले बहुतेक जण शेतीवाले. पेरणीआधी ओल्या गोणपाटात दाणे गुंडाळून उगवण बघितल्याशिवाय त्यांच्या घरी कुणी पेरत नाही. पण तेच सोयाबीन बँकेच्या फाइलीत आलं की त्याचा ‘स्टॉक’ होतो, आणि स्टॉकला उगवतो का म्हणून विचारायचं नसतं. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

मी मागच्या थप्प्यांतून नमुने काढले, गोदाम कीपरसमोर पुड्या सील केल्या. अर्धे सरकारी बीज तपासणी प्रयोगशाळेला पाठवले. तिथला रिपोर्ट बोर्डाच्या मीटिंगआधी येणार नाही हे माहीत होतं. म्हणून उरलेल्यातले शंभर दाणे घेतले, ओल्या गोणपाटावर ओळीत मांडले, गुंडाळी केली आणि केबिनमधल्या कपाटावर ठेवली. बँकेच्या खालीच बियाण्याचं दुकान आहे. तिथून पावतीसह ताजं सोयाबीन आणलं आणि तशीच दुसरी गुंडाळी तिच्या शेजारी ठेवली. सकाळ-संध्याकाळ दोन्हीवर सारखंच पाणी शिंपडायचे. स्टाफला चघळायला विषय मिळाला. “मॅडम, पीक कर्ज पाहिजे का?” लोन डिपार्टमेंटवाले जाता-येता विचारायचे. मीही सांगायचे, “आधी पेरा तर होऊ द्या.”

चेअरमनसाहेबांना मात्र हसू आलं नाही. त्यांनी बोलावून घेतलं.

“मॅडम, मालाचा विमा हाय. फुल्ल इन्शुरन्स. मंग रिस्क कसली?”

“आग लागली, पाणी शिरलं, चोरी झाली तर विमा मिळतो, साहेब. दाणा आतल्या आत मेला तर विमा कंपनी एक रुपयासुद्धा देत नाही. पॉलिसीत तसं लिहिलंय.”

“तुम्ही लय वाचता बुवा.”

“त्याचाच पगार घेते, साहेब.”

दुसऱ्या दिवशी पाटणकरसाहेब माझ्या केबिनमध्ये आले आणि दार लावून घेतलं. माझ्या केबिनला खिडकी नाही, त्यामुळे त्यांना माझ्याकडेच बघावं लागलं.

“शहागड ब्रँचला मॅनेजर हवाय,” ते म्हणाले. “तुमचं नाव वरून आलंय. प्रमोशनच समजा.”

शहागडबद्दल माझी तक्रार नाही. हायवेवरची ब्रँच, जवळ गोदावरी, ट्रकवाले आणि ढाबेवाले व्यवहाराला चोख. पण बोर्डाच्या मीटिंगआधी मी शहागडला गेले असते, तर रिस्कच्या पाटीमागे सही करणारा दुसरा कुणी बसला असता. याच ढाबेवाल्यांच्या ठेवी त्या मेलेल्या दाण्यांवर गेल्या असत्या.

“जाईन की,” मी म्हणाले. “पण रिस्क प्रमुखाला हलवायचं तर बोर्डाने कारण लिहायला हवं. तुम्ही विषयपत्रिकेवर घ्या. कारणाच्या रकान्यात काय लिहिताय, ते मलाही वाचायचंय.”

“हिवाळे मॅडम, एका सहीसाठी कशाला एवढं?” ते खरंच कळवळून म्हणाले. माणूस वाईट नाही. रिटायरमेंट जवळ आली आहे.

एका सहीसाठी! त्या दिवशी मला राग आला, आणि तो आजही तसाच आहे. माझे आजोबा अंगठेबहाद्दर होते. गावात कुणीही कागद पुढे करायचा, हे शाई लावून अंगठा उठवायचे. कागदावर काय आहे ते विचारायची सोय नव्हती, आणि विचारलं तर सांगणारं कुणी नव्हतं. माझे वडील शिकले, शाळेत मास्तर झाले. इथल्या मस्तगड भागातल्या आमच्या घरात पहिल्या दिवसापासून एकच शिस्त, वाचल्याशिवाय सही करायची नाही. आता दोन पिढ्या शिकून मी न वाचता सही करायची, तर मग अंगठा काय वाईट होता?

बोर्डाच्या मीटिंगला मी दोन्ही गुंडाळ्या प्लास्टिकच्या टबात घालून घेऊन गेले. शिपाई उचलायला आला, त्याला नको म्हणाले. कंपनीचा विषय आला. चेअरमनसाहेबांनी सांगितलं की सगळे रिपोर्ट चांगले आहेत, फक्त रिस्क विभागाची थोडी शंका आहे. मी उठले. टेबलावरच्या फाइली बाजूला केल्या आणि पहिली गुंडाळी उलगडली.

“शेठच्या मागच्या थप्प्यांतले शंभर दाणे,” एवढंच म्हणाले. ओळीच्या ओळी फुगून लिबलिबीत झालेले दाणे. कोंब बोटांवर मोजण्याइतके. कुबट वास पार एसीपर्यंत गेला. ज्यांनी माझा सात पानी रिस्क रिपोर्ट उघडलासुद्धा नव्हता, ते सगळे खुर्च्या मागे सारून गोणपाटावर वाकले. सगळ्यांत वयस्कर संचालक तौर नाना. त्यांनी एक दाणा उचलून चिमटीत दाबला. त्याचा लगदा झाला.

“पाणी कमी पडलं आसंल,” चेअरमनसाहेब म्हणाले. “बँकेत कुठं उगवण बघत आस्तेत का?”

मी दुसरी गुंडाळी उलगडली. खालच्या दुकानातलं सोयाबीन. पांढरेशुभ्र कोंब, बोटाएवढे. “हे पण याच कपाटावर होतं, साहेब. हेच पाणी. दुकानाची पावती सोबत लावली आहे.”

नानांनी बोटं रुमालाला पुसली. “माझ्या घरी आसं निघालं आस्तं तर म्या दुकानदाराची गचांडी धरली आस्ती,” ते म्हणाले. “आन् आपण ह्याच्यावर लोकायचा पैसा देऊन राह्यलो? बिलकुल न्हाई.” मग त्यांनी विषयपत्रिका डोळ्यांजवळ धरली. “पुढचा विषय काय हाय? मॅडमची बदली? कारण लिव्हलेलं न्हाई इथं.”

पाटणकरसाहेबांनी खिडकी शोधली. बोर्डरूमचे पडदे ओढलेले होते.

“मंग कारण सांगा की कोणीतरी,” नाना म्हणाले. “बियाणं उगवलं न्हाई, म्हून मॅडमला शहागडला धाडायचं का? बदली त्या बियाण्याची करा.”

कुणीतरी हसलं. चेअरमनसाहेब हसले नाहीत. मित्राचा विषय म्हणून त्यांनी मतदानाला बसू नये, हे त्यांना मीच सांगितलं, तिथेच, सगळ्यांसमोर. मार्गदर्शक तत्त्वांत तेही लिहिलेलं आहे. ते उठून बाहेर गेले. जुना माल ड्रॉइंग पॉवरमधून वगळायचा आणि लिमिट वाढवायची नाही, असं ठरलं. बदलीचा विषय मागे घेतला गेला. आधी उचललेल्या पैशांसाठी शेठना दुसरं तारण आणावं लागलं. स्टेशनजवळचा प्लॉट त्यांनी कुरकुरत दिला. प्रयोगशाळेचा रिपोर्ट नंतर आला. त्यात तेच होतं, फक्त वास नव्हता.

आता बियाण्यावरच्या कर्जात टॅगची तारीख आणि उगवणीचा रिपोर्ट लागतो. गोदामात आत जावं लागतं. बँकेने ऑफिसर लोकांना मास्क दिले आहेत. कचोरी बंद झालेली नाही, तेवढी माझी ताकद नाही. रेग्युलेटरची माणसं तपासणीला आली तेव्हा त्यांनी माझी पितळी पाटी बघून पसंतीने मान डोलावली. पाटी लावणं सोपं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

चेअरमनसाहेब अजून चेअरमन आहेत आणि मी अजून त्याच खुर्चीत आहे. परवा त्यांनी बोलावलं. नवीन फाइल होती, एका स्टीलच्या कारखान्याची. पेनाचं टोपण या वेळी लावलेलंच होतं.

“सही करता ना, मॅडम?”

“वाचून सांगते,” मी म्हणाले, आणि फाइल उचलून माझ्या केबिनमध्ये आले.