ओशच्या मशीनला लागलेली नजर

"शिसं तुझ्याच घरातलं आहे, बुरुल!"

"माझ्या घरातलं? तांदूळ कुणी पाठवला? तू! पिशवी कुणी शिवली? तू! आणि शिसं तेवढं माझं?"

"अगं, तोच तांदूळ मी अंदिजानला शिजवला, तोच खुजंदला नुरिद्दिन अकांनी शिजवला. आमचे आकडे सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. तुझा आकडा मात्र शेजाऱ्यावर गेलाय!"

"हुरमत! तोंड सांभाळ!"

दोघींच्या मधे मी, इथली मदतनीस, दोन्ही हातांत काचेच्या नळ्या धरून. हलायची सोय नाही आणि हसायची तर त्याहून नाही.

बुरुलसुन एजे आमच्या ओशच्या अन्न-तपासणी प्रयोगशाळेची मुख्य. एजे म्हणजे ताई, पण ती अख्ख्या गावाचीच एजे. तिचा नवरासुद्धा चारचौघांत एजेच म्हणतो, बहुतेक भीतीनं. पाऱ्याच्या खाणीच्या गावात जन्मलेली. वडिलांच्या कपड्यांच्या दुमडीतून पाऱ्याचे थेंब घरी यायचे आणि भावंडं ते जमिनीवर गोट्यांसारखे खेळायची. पारा विषारी असतो हे एजे शाळेत शिकली त्या दिवशी घरी आली, गोट्या फेकल्या, आणि गोट्या लोळत पिठापर्यंत गेल्या असतील म्हणून पिठाचं पोतंही उकिरड्यावर रिकामं केलं. आई लाटणं घेऊन मागे, ही पुढे, असं अख्खं गाव फिरून झालं. तेव्हापासून ही बाई लोकांच्या तोंडचा घास तपासत सुटली आहे. लग्नात पाहुणे प्लोव, म्हणजे आमचा पुलाव, खातात, एजे बशी उपडी करून नखानं रंग खरवडते. "यात शिसं आहे," म्हणते, आणि नवरीच्या आईला फेफरं यायची वेळ येते. पाच मिनिटांनी हीच मांडवात सगळ्यांत उंच उडी मारून नाचत असते.

आमचं खोरं एक, पाणी एक, तांदूळ-जर्दाळू एक, पण देश तीन. एकानं 'खा' म्हटलं आणि दुसऱ्यानं 'विष' म्हटलं की ट्रक सीमेवर अडतो आणि लोक कुणावरच विश्वास ठेवत नाहीत. म्हणून ओश, अंदिजान आणि खुजंदच्या तीन प्रयोगशाळांनी मिळून तपासणीची एकच पद्धत ठरवायची होती. तांदूळ आम्लात मंद शिजवायची कृती एजेचीच. ती बाकी दोघांना पसंत पडली, बाकी दोघांना जमलीही. जमेना ती फक्त आम्हाला! शेवटच्या फेरीत आकडे जुळले नाहीत तर ओश बाहेर. म्हणजे स्वयंपाक एजेचा आणि पंगतीतून उठवणार तिलाच.

आमचं घोडं अडलं होतं कोऱ्या नमुन्यावर. कोरा नमुना म्हणजे तांदूळ न घालता नुसतं आम्लच सगळ्या सोपस्कारांतून न्यायचं. त्यात काहीच दिसता कामा नये. दिसलं, तर ते तांदळातलं नव्हे, तुमच्या घरातलं. आमच्यात पहिल्या फेरीला थोडं शिसं दिसलं, दुसरीला जास्त, तिसरीला विचारू नका. म्हणून अंदिजानच्या प्रयोगशाळेची हुरमत स्वतःच्या आम्लाची बाटली घेऊन, सगळे कागद दाखवत, सीमा ओलांडून आली होती. दोघी ताश्कंदला एका वसतिगृहात शिकल्या, एका खाटेवर भांडल्या. आता फक्त खाट नव्हती.

अचानक हुरमतचं नाक वर झालं.

"हा वास कसला?"

"कसला? नानचा. शेजारी तंदूर आहे."

"बुरुल, मी अंदिजानची आहे. नाक गहाण ठेवून नाही आले."

वास घेत ती शिसं मोजायच्या मशीनच्या खोलीत शिरली, खाली वाकली आणि टेबलाखालून तवा बाहेर ओढला. तव्यात राख, अजून कोमट. बाजूला वाळक्या इसिरिकची जुडी. आमच्याकडे दृष्ट काढायला याच झुडपाची धुरी देतात. बाळाला देतात, नव्या सुनेला देतात, नव्या गाडीला देतात.

"मशीनला?" हुरमतचा आवाज फाटला. "तू मशीनला धुरी दिलीस?"

"मग काय करू? मशीन आलं त्या दिवशी रीतीप्रमाणं थोडी दिली. तरी तू दारात उभी राहून म्हणालीस, 'अगंबाई, काय सुंदर मशीन!' थू-थू केलंस? नाही केलंस! आणि आकडा बिघडला."

"म्हणून?"

"म्हणून परत धुरी दिली."

"आणि आकडा आणखी बिघडला?"

"म्हणून आणखी दिली!"

"आणि आज?"

"आज तू पुन्हा येणार होतीस," एजे हळूच म्हणाली. "कोपऱ्या-कोपऱ्यात दिली."

हुरमतनं कपाळावर हात मारला. एजे उसळली, "तू देत नाहीस?"

"देते ना! दर सोमवारी देते! पण फाटकाबाहेर! नजर काय छतातून टपकते? आणि हे झुडूप आणलंस कुठून?"

"बाजारात महाग देतात. ट्रकच्या जुन्या रस्त्याकडेला फुकट उगवतं."

जिथं इतकी वर्षं गाड्यांनी पेट्रोलच्या धुरातून शिसं ओकलं, तिथलं झुडूप! दोघींनी एकाच वेळी तव्याकडे पाहिलं. मग एजेनंच चिमूटभर राख उचलली, आम्लात शिजवली, मशीनला पाजली. आकडा असा चढला की मशीननं शिंकल्यासारखा आवाज केला.

आधी हुरमतला हसू फुटलं, मग मला. एजे आमच्याकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून, आणि मग तीही अशी सुटली की स्टुलावरून खालीच बसली. "पाजलं गं मीच विष माझ्या लेकराला!" डोळ्यांतून पाणी.

"रडू नकोस, सुरमा वाहील, त्यातही शिसं असतं!" हुरमत ओरडली आणि आम्ही पुन्हा आडव्या.

मग पडदे उतरले. भिंती पुसल्या, नळ्या आम्लात बुडवल्या. एजे टेबलावर चढून छत पुसत लग्नाचं गाणं म्हणत होती आणि हुरमत बादलीवर ताल धरत होती. तवा अंगणात, जुडी अंगणात, आणि राख लागलेली एजेची चप्पलसुद्धा अंगणात.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं. एजेनं हात पाठीमागे धरले होते. तिचे हात धुरीसाठी नुसते वळवळत होते.

कोरा नमुना कोराच निघाला. तांदळाचा आकडा भावंडांच्या रांगेत जाऊन बसला. एजेनं मला उचललं, हुरमतला उचललं. मशीनही उचललं असतं, पण ते जमिनीला जखडलेलं होतं.

फोनच्या पडद्यावर खुजंदहून नुरिद्दिन अका, म्हणजे दादा, आले, तोंडात तुती. "मुबारक, मुबारक! ओश आत! आता फक्त एकच राहिलं. कुणाकडे चूक सापडली तर कारण पद्धतीतच लिहायचं असं आपलं ठरलंय, म्हणजे दुसऱ्याकडे तशी होणार नाही. बोला, शिसं आलं कुठून?"

हुरमत छताकडे बघायला लागली.

"पाण्यातून? काचेतून?" अकांनी तुती गिळली. "बुरुलसुन? आवाज येतोय ना?"

"येतोय, येतोय," हुरमत म्हणाली. "सांग की गं. तुझीच पद्धत आहे."

एजेनं चहाचा वाडगा खाली ठेवला. डोक्यावरचा रुमाल नीट बांधला, पडद्यावरच्या अकांना एक गोड हसू दिलं, आणि उत्तर आमच्यावर सोडून अनवाणीच दाराबाहेर सटकली.