पाच वाजले, आता घरी जा

तोमिनुरा या बंदराच्या गावात सादाए कुरामोचीबाईंना चेहऱ्यावरून ओळखणारे थोडे, पण आवाजावरून न ओळखणारा माणूस शोधून सापडायचा नाही. नगरपालिकेचे कर्णे गावभर खांबांवर लावलेले, आणि एकतीस वर्षं त्यांतून बोलत आल्या त्या सादाएबाईच. डोंगरावर आपटून आवाज परत येतो, म्हणून मध्ये थांबत बोलायचं आणि प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची, ही कामाची रीत. ती घरीही सुटली नव्हती. "भात... झाला आहे. भात... झाला आहे," हे रोज ऐकून नवरा तोकुजी पहिल्या वेळी हलतच नसे.

त्यांचं लाडकं काम संध्याकाळी पाचचं. "मुलांनो, पाच वाजले. आता घरी जा." गावात मुलं उरली मोजकी. ते ऐकून घरी जायचे ते म्हातारेच.

त्या हिवाळ्यात नवे विभागप्रमुख हिरुकावा यांनी बोलणारं यंत्र आणलं. आठवडाभर चाचणी, आणि जमलं तर एप्रिलपासून सादाएबाईंना निरोप. यंत्र न थांबता, न खोकता बोलायचं. सादाएबाई शेजारच्या टेबलावर पाकिटांना पत्ते चिकटवत बसत आणि आतल्या आत जळत.

चौथ्या दिवशी उकाई आजोबा हरवले. पंच्याऐंशीचे, एकेकाळचे होडीवरचे तांडेल, हल्ली घरचा रस्ताही विसरायचे. दुपारी फिरायला गेले ते अंधार पडला तरी परतले नाहीत. थंडी मरणाची. सून रडतच कार्यालयात आली. कर्ण्यावरून नाव घ्यायचं नाही, फक्त वर्णन सांगायचं, असा नियम. यंत्राने सांगितलं: वय ऐंशीच्या पुढे, करडं जाकीट, रबरी बूट, गळ्यात टॉवेल.

आता मासेमारीच्या गावात या वर्णनात न बसणारा म्हातारा दाखवा. अर्ध्या तासात लोकांनी सात जण धरून आणले. आपण हरवलेलो नाही, असं सातांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं. समोरच्याने एवढी तसदी घेतलेली, त्याचा विरस कसा करायचा? सातही जण बाकावर ओळीने चहा पीत बसले होते. सातवा तोकुजी.

"अहो, तुम्ही एकाहत्तरचे ना?" सादाएबाईंनी विचारलं.

"ती बाई माझ्यासाठी सायकलवरून उतरली गं," तोकुजी हळूच म्हणाला. "इथवर पायी आली. नाही कसं म्हणू?"

सादाएबाईंना हसू आलं, पण सुनेकडे बघून ते विरलं. आजोबा रोज किती वाजता परततात, असं त्यांनी तिला विचारलं.

"तुमचा पाचचा आवाज आला की उठून घरी येतात," सून म्हणाली. "यंत्राचं ऐकून हलत नाहीत. तीन दिवस मीच शोधून आणलं, रोज वेगळ्या जागेवरून. आज मी कामावर अडकले."

सादाएबाईंनी उठून यंत्राची तार उपटली. हिरुकावा म्हणाले, हे नियमात बसत नाही, शिवाय सहा वाजून गेले आहेत. तोवर बाईंनी माईक ओढला होता.

"मुलांनो... पाच वाजले. आता... घरी जा. मुलांनो... पाच वाजले. आता... घरी जा."

वीस मिनिटांनी सुनेचा फोन वाजला, शेजारणीचा. आजोबा बंदराच्या भिंतीआडून उठून सरळ घरी आले होते आणि जेवायला मागत होते. सून तशीच घराकडे धावली.

सादाएबाईंनी मागे पाहिलं. बाक रिकामा होता. सातही म्हातारे कप जागेवर ठेवून केव्हाच घरी गेले होते, तोकुजीसुद्धा. दारात फक्त हिरुकावा उभे होते, अंगात कोट, खांद्याला बॅग. तेही याच गावात वाढलेले.

"उद्यापासून पाचचं तुम्हीच सांगा," ते खाली बघत म्हणाले.

"सांगेन," सादाएबाई म्हणाल्या. "सांगेन."