अष्टमीला दाखवलेली खोली

सुरतेत खोली दाखवणाऱ्या दलालाने मला फसवलं, आणि तो आपलाच खान्देशी होता. बोटाला थुंकी लावून तो खिशातल्या पंचांगाची पानं उलटायचा. म्हणाला, "भाऊ, अष्टमीला या. घर तिथी पाहूनच दाखवावं." त्याला देवभोळा समजून मी घासाघीस करून भाडं कमी करून घेतलं, तो नुसता हसला.

अमावस्येला भर दुपारी खाडीचं पाणी घरात शिरलं. बाळंतीण बायको तान्हं उचलून खाटेवर चढली. शेजारीण म्हणाली, "अष्टमीला भरती सगळ्यात कमी असते, दादा, अन् अमावस्येला सगळ्यात मोठी. आम्हालाही त्याने अष्टमीलाच आणलं होतं."

आम्ही धुळ्याची माणसं, आम्हाला भरती काय ठाऊक! हे तो पुरतं जाणून होता. त्याने माझ्या बायकोसमोर उभं राहून जाब द्यावा.