चार मिनिटांचा समुद्र

मी समुद्राचे फोटो काढते. लग्नांचे काढत नाही, बारशांचे काढत नाही, त्यामुळे नातेवाइकांच्या मते मी काहीच करत नाही. भिंगापुढे काळी काच लावायची आणि चार मिनिटं कॅमेरा उघडा ठेवायचा, ही माझी पद्धत. तेवढ्या वेळात लाटा एकमेकींत मिसळतात आणि पाणी दुधासारखं दिसायला लागतं. जे स्थिर असतं ते फोटोत येतं, हलणारं येत नाही.

त्या दिवशी मिठबावच्या खडकांवर बाबा बरोबर होते. बाबा मूळचे पिंगुळीचे, सारा जन्म कचेरीत गेलेला. मासे आवडतात, एवढाच त्यांचा समुद्राशी संबंध. पोहणं तर दूरच. निवृत्तीनंतर घरात कंटाळले म्हणून मागे लागले होते.

"मी येतंय गो. गप बसान रवतंय."

"बसा, पण माझ्या फोटोत येव नकात," मी म्हटलं.

त्यांनी नव्या चपला काढून पुढच्या खडकावर जोडीनं ठेवल्या आणि मागे, एका बाजूला जाऊन बसले. मी बटण दाबलं. वारा बेफाम होता. कॅमेरा जरा थरथरला की मेहनत पाण्यात, म्हणून मी स्टँडच्या बाजूला रेनकोट पसरून आडोसा केला. पाठ समुद्राकडे, टोपी कानांवर, डोळे घड्याळावर. वेळ संपल्यावर पडद्यावर फोटो उमटला. माझ्या हातून निघालेला सगळ्यात चांगला फोटो होता तो. अजूनही आहे, आणि हे लिहितानासुद्धा मला संताप येतो.

"बाबा, बघा," म्हणत मी वळले. बाबा जागेवर नव्हते. डावीकडच्या खडकापलीकडे, खडकाला चिकटलेली कालवं खरवडायला आलेली एक बाई कुणाला तरी पालथं घालून पाठीवर थापट्या मारत होती. ती छातीपर्यंत भिजली होती. तिच्या हाताखालचा शर्ट बाबांचा होता. ते खोकत होते, पाणी ओकत होते. मी कॅमेऱ्याचा स्टँड धरून बघत उभी होते.

"बघतस काय गो? हात लाव," ती ओरडली, तेव्हा कुठे मी धावले.

लाटेनं एक चप्पल ओढून नेली होती. नवी चप्पल जाऊ कशी द्यायची? बाबा तिच्यामागे उतरले आणि पुढच्या लाटेनं त्यांनाच नेलं. बाईनं शर्टाची कॉलर धरून त्यांना ओढून काढलं होतं. हे तिनंच सांगितलं. डॉक्टरांनी एक रात्र ठेवून घेतलं, आणि बाबा दुसऱ्या चपला घालून घरी आले.

त्यानंतर मी तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला. बाबा बुडत होते ती जागा अगदी मधोमध होती. मी मोठं करून करून पाहिलं. एखादा डाग, एखादी सावली, काही नाही. नुसतं गुळगुळीत, पांढरं पाणी. मग खडकाच्या कडेला ती दिसली. उरलेली एक चप्पल. पट्टा, टाके, अंगठ्याचा नुकता पडलेला ठसा, सगळं स्पष्ट. चप्पल आली होती, बाबा आले नव्हते.

बाबा मागे येऊन कधी उभे राहिले कळलं नाही.

"ह्यो त्याच वेळचो?"

"होय."

"मग मी खंय?"

"तुमी नाय आसात हेच्यात," मी म्हटलं.

त्यांनी पडद्यावरच्या पांढऱ्या पाण्यावर बोट ठेवलं. "मी तुका हाक मारलंय," म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. कचेरीतून आल्यावर दिवसभराचं सांगायचे, तसंच सांगितलं. मला ऐकू आलं नव्हतं. मी फोटो पुसायला बोट पुढे नेलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"पुसू नको. पयल्यांदा भियालंय. मगे हाक मारून दमलंय. मगे माका दर्यो असोच दिसलो. पांढरो. लाट एक नाय."

मी तो पुसला नाही. भिंतीवरही लावला नाही. घरी आलेला कुणीतरी बघून "किती शांत आहे हो" म्हणेल, आणि बाबा चहा पीत "होय" म्हणतील, याची मला भीती वाटते.