आधी दाद, मग फोटो

फोनमधली जागा फोटोंनी भरते आणि डोक्यातली जागा त्या फोटोंच्या किश्श्यांनी. फोटो निदान डिलीट तरी करता येतात. किश्श्यांचं तसं नाही. एक सांगायला बसलं की मागून चार हजर होतात, आणि आमच्या बाबतीत ते चारही बहुतेक नानांचेच असतात.

दीपनगरच्या वीज केंद्रातून रिटायर झालो, जळगावात मेहरूणकडे घर बांधलं आणि रिकामं बसून बायकोच्या डोक्याला ताप नको म्हणून कॅमेरा घेतला. कॅमेरा घेतला की माणूस कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये ओढला जातोच. आमच्या ग्रुपचं नाव 'किलबिल'. जळगाव आणि धुळ्याचे हौशी पक्षी-फोटोग्राफर. अॅडमिन नाना चौधरी, रिटायर्ड इंजिनिअर, आयुष्यभर पूल बांधले आणि आता फोटोंना सल्ले देतात.

नानांनी ग्रुपला एकच नियम घालून दिलाय: आधी दाद, मग फोटो. म्हणजे आपला फोटो टाकायच्या आधी वरच्या सगळ्या फोटोंना दाद द्यायची. न देता टाकला तर नाना सगळ्यांदेखत विचारतात, "इतरांचे फोटो दिसले नाहीत का?"

परिणाम काय? लोक फोटो उघडतच नाहीत. अप्रतिम, अप्रतिम, अप्रतिम, आणि मग स्वतःचा बगळा.

सगळ्या ग्रुपमध्ये एकच बाई अशी, की जिने हा शब्द कधी टाइप केला नाही. धरणगावच्या तायडे मॅडम. हायस्कूलला सायन्स शिकवतात. त्या फोटो उघडून, मोठा करून बघतात आणि पक्ष्याचं नाव लिहून खाली एखादा प्रश्न विचारतात. त्यामुळे त्या फारशा कुणाला आवडत नाहीत.

*

आमच्या शकीलभाईंचं कूलरचं दुकान आहे. ग्रुपमधला सगळ्यात सरळ माणूस. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या बाथरूमच्या भिंतीला ओल आली. त्यांनी फोटो काढला, गवंड्याला पाठवायला गेले आणि तो पडला किलबिलवर.

पहिली दाद धुळ्याच्या आबांची. आबा देवरे, कापडाचे व्यापारी, दाद द्यायला नेहमी पुढे. "अप्रतिम! काय मूड आहे!"

दुसऱ्या कुणीतरी लिहिलं, "धुक्याचे थर सुंदर."

मग नाना आले. नानांनी फोटो खरंच उघडला असावा, कारण त्यांनी सविस्तर लिहिलं. "सातपुडा का? थर छान आलेत. पण उजवीकडे थोडं जास्त सुटलंय, तिथे क्रॉप हवा होता."

शकीलभाई बिचारे घाबरले. "सॉरी नाना, ही बाथरूमची भिंत आहे. गवंड्याला पाठवत होतो."

मग नानांचं उत्तर आलं, "असू दे. तरी क्रॉप चुकलाच."

*

आबांच्या लेन्सला आम्ही तोफ म्हणतो. एवढी मोठी, की तिला स्वतःची वेगळी बॅग आहे आणि ती बॅग गाडीत पुढच्या सीटवर बसते. वहिनी मागे.

तोफ घेतल्यावर आबांनी तिला शोभेल असा सगळा थाट केला. मिलिटरी रंगाचं जाकीट, तशीच टोपी, तशीच पॅन्ट आणि वर पांघरायला हिरव्या कापडी पानांची जाळी. एवढा सरंजाम घेऊन ते धुळ्याहून मेहरूणच्या तलावावर आले. आता मेहरूण म्हणजे काही घनदाट अरण्य नाही. लोक तिथे फिरायला येतात, पोरं सायकली चालवतात, बाजूला भेळेच्या गाड्या असतात. त्या सगळ्या गर्दीत आबा जाळी पांघरून झुडपाशेजारी पालथे पडले.

तासभर झाला. पाणकोंबड्या समोरून निवांत आल्या-गेल्या. आबांना खंड्याच हवा होता. आणि कुठून तरी एक बकरी आली, जाळीकडे नीट बघितलं आणि आबांच्या पाठीवरची पानं ओढायला लागली.

आबा हलेनात. खंड्या उडेल ना! बकरीने खांद्यापर्यंत मजल मारली तेव्हा फिरायला आलेल्या एक अक्का थांबल्या आणि आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, तो माणूस जिवंत आहे का बघा."

नानांनी संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, "आबांचे छद्मावरण यशस्वी."

बकरीच्या दृष्टीने होतंच.

*

खंड्या शेवटी मिळाला तो फार्महाउसवर. नानांच्या व्याह्यांच्या शेतात एक डबकं आहे. तिथे आमच्यातल्या काही हुशार मंडळींनी पाण्यात प्लास्टिकचा गुलाबी टब बुडवला, त्यात बाजारातून आणलेले जिवंत मासे सोडले आणि वर बरोबर हवी तिथे सुकी काठी रोवली. खंड्याला आयतं ताट मिळालं. तो येतो, काठीवर बसतो, टबात सूर मारतो, मासा घेऊन परत काठीवर. बाकीचे खुर्च्या टाकून चहा पीत फटाफट बटण दाबतात.

त्या आठवड्यात किलबिलवर खंड्यांचा पूर आला. तीच काठी, तोच मासा, तोच खंड्या. मथळे मात्र वेगवेगळे. आबांचा मथळा, "तपश्चर्या". नानांचा, "दोन दिवस दबा धरून टिपलेला एक क्षण".

सगळीकडे अप्रतिम चाललेलं असताना तायडे मॅडमचा मेसेज आला. "खंड्या. पाण्याखाली गुलाबी कडा कशाची दिसते आहे?"

नानांनी लिहिलं, "शेवाळ."

*

आता पुढचा किस्सा हसायचा नाही, पण त्याच्याशिवाय शेवटचा कळायचा नाही. म्हणून सांगतो.

नानांच्या कॉलनीत एका बोगनवेलीवर शिंजीराने घरटं केलं. शिंजीर म्हणजे बोटाएवढा जांभळा पक्षी, घरटं त्याचं लोंबतं, पिशवीसारखं. पिल्लं निघाली. नानांनी ग्रुपवर आमंत्रण दिलं आणि लोक सकाळ-संध्याकाळ तिथे तिपाया लावून बसू लागले. आई चोचीत किडा घेऊन यायची, माणसं बघून तारेवरच बसून राहायची.

घरट्यासमोर दोन फांद्या आडव्या येत होत्या. फोटोत पानं येत होती, पिल्लांवर सावली पडत होती. एका सकाळी बघतो तर फांद्या गायब. छाटलेलं टोक ताजं, पांढरं. घरटं सगळीकडून उघडं. त्या दिवशी सगळ्यांना फर्स्ट क्लास फोटो मिळाले. दुसऱ्या दिवशी कावळ्यालाही दिसलं.

नानांनी रिकाम्या घरट्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "निसर्ग क्रूर असतो." मग रडक्या चेहऱ्यांची रांग. भावपूर्ण श्रद्धांजली. आणि आबांनी, सवयीचा माणूस, लिहिलं, "लाइट मात्र अप्रतिम पडलाय."

तायडे मॅडमनी विचारलं, "फांद्या कुणी कापल्या?"

मॅडमनी परत विचारलं. तेव्हा नानांनी लिहिलं, "कृपया ग्रुपवर निगेटिव्ह बोलू नये. आपण सगळे पक्षीप्रेमी आहोत."

मला त्या दिवशी चीड आली होती, आजही येते. बागेतली कात्री नानांच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत असते, हे ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

*

आणि यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तायडे मॅडमकडून एक चूक झाली. त्यांना आनंद झाला आणि तो त्यांनी ग्रुपवर सांगितला.

शाळेच्या वाटेवर एका नाल्याच्या कडेला, मातीच्या कपारीत त्यांना शृंगी घुबड दिसलं. मोठं, शिंगांसारखी पिसं ताठ, नारिंगी डोळे रोखलेले. त्यांनी लांबूनच एक फोटो काढला आणि टाकला. खाली फक्त नाव. इतका सुंदर फोटो किलबिलवर त्याआधी आला नव्हता, आणि त्याला नेहमीसारखेच अप्रतिम मिळाले.

पण नानांनी तो मोठा करून पाहिला. "पायाशी पांढरं काय दिसतंय? पिल्लू! मॅडम, लोकेशन?"

झालं. दिवसभर लोकेशन, लोकेशन. आबांनी तोफेचा फोटो टाकला, खाली "तयार आहे". मॅडमनी लिहिलं, "पिल्लं उडाल्यावर सांगेन." नानांना राग आला. ज्ञान लपवून ठेवणं हा निसर्गाचा अपमान आहे, वगैरे मोठा मेसेज आला. मॅडम बधल्या नाहीत. तेव्हा नानांनी त्यांच्या हेडमास्तरांना फोन केला. हेडमास्तर निघाले नानांच्या नात्यातले.

मॅडमनी मला फोन केला, कारण शिंजीराच्या वेळी फांदीबद्दल मीही त्यांना स्वतंत्र मेसेज केला होता. म्हणाल्या, "भाऊ, हेडसर म्हणतात, एवढी मोठी माणसं मागताहेत, देऊन टाका ना. दोन पिल्लं आहेत. अजून नीट उभी राहत नाहीत. हे लोक कात्री घेऊन येतील."

मी म्हटलं, "येतील."

त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. संध्याकाळी ग्रुपवर मॅडमचा लोकेशनचा पिन पडला. सोबत दोन ओळी. "जळगाव आणि धुळे, दोघांनाही मधलं पडेल. पहाटे लवकर यावे."

मी धरणगावला कैक वेळा गेलोय. पिन बघितला, तो होता पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या रस्त्याला, मॅडमच्या शाळेपासून कितीतरी लांब. गाडीत जागा आहे का, एवढंच नानांना विचारलं.

पहाटे आमची गाडी जळगावहून आणि आबांची धुळ्याहून, एकाच वेळी पिनवर पोहोचली. उतरून पाहतो तर समोर खडीची क्रशर मशीन. धूळ एवढी, की लेन्सचं झाकण काढायची सोय नाही. मशीन धडाडत होती आणि नाना ओठांवर बोट ठेवून सांगत होते, "हळू बोला, पक्षी उडेल."

तिथला वॉचमन मफलर सोडत आला आणि अहिराणीत विचारलं, "काय शोधी राहिनात भाऊ?"

"घुबड," आबा म्हणाले.

"घुबड? आठे? या खडीमा?" त्याने आम्हा सगळ्यांकडे, मग आबांच्या जाकिटाकडे बघितलं. "आठे रोज सुरुंग उडतस. मन्हा कान गयात. घुबड कसाले राही आठे?"

आम्ही तरी शोधलं. नानांनी खडीच्या ढिगांमागे जाऊन पाहिलं. शकीलभाईंनी एकदा "नाना, जागा चुकली असेल का?" असं विचारलं, तर नाना म्हणाले, "पिन कधी चुकत नाही." ऊन चढलं. कपडे, कॅमेरे, भुवया, सगळं पांढरं झालं. मग सगळे गाड्यांमध्ये बसले.

पारोळ्याला दोन्ही गाड्या एका ढाब्यावर थांबल्या. शेवभाजी आली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. नाना मात्र डाव्या हाताने फोनवर काहीतरी टाइप करत होते. माझ्या खिशातला फोन वाजला. मी टेबलाखाली धरून वाचलं.

"आज सर्वांना शृंगी घुबडाचे दर्शन घडले. पिल्ले लहान असल्याने, त्यांना त्रास नको म्हणून एकही फोटो काढला नाही. किलबिलची हीच संस्कृती."

समोर बसलेल्या आबांनी फोन बघितला. मान वर केली नाही. शेवभाजीचे हात पुसले आणि टाइप केलं, "अविस्मरणीय दर्शन. नानांच्या संयमाला सलाम." मग घरी राहिलेल्या लोकांची दाद सुरू झाली. खरे पक्षीप्रेमी. आदर्श. याला म्हणतात निसर्गसेवा. शकीलभाईंनी फोन उलटा ठेवला आणि आणखी एक भाकरी मागवली.

मॅडमकडून काहीच आलं नाही.

त्यानंतर लोकेशन कुणीच मागितलं नाही. कसं मागणार? सगळ्यांचं दर्शन झालेलं होतं. नाल्याकडे कुणी फिरकलं नाही.

चांगलं कडक ऊन पडायला लागलं तेव्हा एका रविवारी मॅडमचा फोटो आला. बाभळीच्या फांदीवर दोन घुबडं शेजारी शेजारी, अंगावर अजून थोडा पांढरा कापूस, पण पंख पुरे फुटलेले, शिंगं उगवलेली, डोळे रोखलेले. खाली लिहिलेलं, "शृंगी घुबड. दोन्ही पिल्ले काल उडाली."

सगळ्यात आधी नानांची दाद.

"हीच ती! आम्ही दर्शन घेतलं तेव्हा मुठीएवढी होती. डोळे मात्र तसेच आहेत."

आणि खाली तायडे मॅडम. "अप्रतिम निरीक्षण, नाना."